डिप्लॉय करताना दर वेळी पासवर्ड! यातून सुटका कशी?

अर्धवट_कोडर · सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, आधी रडगाणं, मग प्रश्न.

आम्ही दोघं मिळून एक लहानसं वेब ॲप चालवतो. क्लाउडवर एक लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतलाय, त्यावर डॉकरमध्ये (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात बांधून चालवणारं साधन) ॲप चालतं. नवा बदल वर चढवायचा (म्हणजे डिप्लॉय करायचा) तर क्रम असा: गिट पुश केलं (कोड गिटहबवरच्या साठ्यात, म्हणजे रेपोत, पाठवला) की गिटहब नाव आणि टोकन (पासवर्डऐवजी चालणारा लांबलचक संकेत) विचारतं. इमेज (तो बांधलेला डबा) रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजांच्या गोदामात, ढकलायला तिथलं लॉगिन. मग एसएसएचने (दूरच्या मशीनमध्ये शिरायची सुरक्षित वाट) सर्व्हरवर कॉन्फिग फाइल कॉपी करताना पासवर्ड, डेटाबेसचं मायग्रेशन (रचनेतला बदल) चालवायला आत शिरताना पुन्हा पासवर्ड, सेवा रीस्टार्ट करायला शिरताना परत तोच, आणि आत गेल्यावर सूडो (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने आदेश चालवणारा) म्हणतो, मलाही द्या. मोजले, सहा. एका ओळीचा बदल असला तरी सहाच.

परवा रात्री घाईत लागोपाठ चुकीचा टंकला आणि सर्व्हरवरच्या फेल२बॅनने (वारंवार चुकणाऱ्याला अडवणारा राखणदार) माझाच आयपी अडवला. ॲप बंद आणि मी दाराबाहेर. तेव्हापासून एसएसएचपास (एसएसएचला पासवर्ड आपोआप पुरवणारं साधन) वापरून स्क्रिप्ट केलीय, पासवर्ड तिच्यातच लिहिलाय. काम होतं, पण मनाला पटत नाही. एकदाच पासवर्ड द्यायचा आणि पुढे कोणीतरी तो लक्षात ठेवायचा, अशी रीतसर सोय असते का?

चिमटा · रात्री ११:५०

स्क्रिप्ट गिटमध्ये आहे का?

अर्धवट_कोडर · रात्री ११:५३

आहे. पण रेपो प्रायव्हेट आहे.

चिमटा · रात्री ११:५९

मग झोपायच्या आधी पासवर्ड बदला. नुसती फाइल काढून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या नोंदीत) तो तसाच राहतो आणि रेपो ज्याने क्लोन केलाय (उतरवून घेतलाय) त्या प्रत्येकाकडे आहे. इतिहास पुसायचा खटाटोप नंतर करा, नाही केला तरी चालेल. रद्द झालेला पासवर्ड इतिहासात पडून राहिला तर कोणाचं काही बिघडत नाही.

आणि कमांडच्या ओळीतच दिलेला पासवर्ड प्रोसेसच्या यादीत क्षणभर का होईना दिसतो. हाताने टंकलात तर शेलच्या हिस्टरीतही बसतो.

तळटीप · मंगळवार, सकाळी ७:२०

(मोबाइलवरून लिहितेय, कीबोर्ड बदलत बसणं जिवावर येतं. कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिते, समजून घ्या.)

तुमच्या प्रश्नातच एक गाठ आहे. पासवर्ड लक्षात ठेवणारं कोणीतरी शोधताय. खरं तर पासवर्ड लागूच नये अशी व्यवस्था हवी. दुसरं, सहा वेळा विचारणारा एकच नाही. चार वेगवेगळे पहारेकरी आहेत: गिटहब, रजिस्ट्री, एसएसएच आणि सूडो. प्रत्येकाची समजूत वेगळी घालावी लागते. बहुतेक लोक एकाची समजूत घालतात आणि दुसरा विचारतो म्हणून वैतागतात.

एसएसएचपासून सुरुवात करा, सहापैकी तीन त्याचे आहेत. लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवून किल्लीची जोडी बनवा, एक सार्वजनिक आणि एक खाजगी. ओपनएसएसएच ९.५ पासून (२०२३) काही न सांगता ईडी२५५१९ प्रकारची किल्ली बनते. आवृत्ती जुनी असेल तर प्रकार स्वतः सांगा, २०१४ च्या ६.५ पासून तो उपलब्ध आहे. मग एसएसएच-कॉपी-आयडी. हा शेवटचा एकदा पासवर्ड विचारेल आणि तुमची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये एक ओळ म्हणून लिहील. खाजगी किल्ली लॅपटॉपवरून कुठेही हलवायची नाही. मेलने नाही, चॅटवर नाही, जोडीदारालाही नाही. त्याने स्वतःची बनवावी.

वाचनमात्र · सकाळी ९:०५

एक बाळबोध शंका. एसएसएचमध्ये सगळं एन्क्रिप्टेड जातं ना? मग पासवर्डने शिरलं काय आणि किल्लीने शिरलं काय, फरक फक्त टंकण्याच्या कष्टाचाच ना?

तळटीप · सकाळी ९:४०

बाळबोध मुळीच नाही. वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरं. एसएसएचचा जन्मच त्यासाठी झाला: १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी हा प्रोटोकॉल लिहिला. पण वाट संपली की पासवर्ड सर्व्हरच्या हातात उघडाच पडतो. सर्व्हर आधीच कोणी ताब्यात घेतला असेल, तर तुम्ही टंकलेला पासवर्ड त्याला आयता मिळतो, आणि तोच तुम्ही आणखी तीन ठिकाणी वापरत असता. किल्लीच्या बाबतीत खाजगी भाग लॅपटॉप सोडतच नाही. त्या सत्रापुरती एक सही तेवढी जाते, आणि ती उद्या दुसऱ्या सत्रात चालत नाही.

टिंब · सकाळी १०:१२

'किल्ली' या शब्दानेच अर्धा घोटाळा होतो असं माझं जुनं मत आहे. जिला आपण सार्वजनिक किल्ली म्हणतो ते खरं तर कुलूप आहे. कुलूप हव्या तितक्या दारांना लावा, हव्या त्याला दाखवा. उघडणारी वस्तू एकच, ती खिशात. नव्या मुलांना असं सांगितल्यापासून खाजगी किल्ली चॅटवर पाठवणाऱ्यांची संख्या घटलीय. शून्य नाही झाली.

अर्धवट_कोडर · मंगळवार, रात्री १०:३०

रात्रीच पासवर्ड बदलला. किल्ली बनवली, कॉपी-आयडी केलं, 'एक किल्ली जोडली' असा संदेशही आला. तरी शिरायला गेलो की पासवर्ड विचारतोच! दोनदा पुसून पुन्हा केलं. आता काय?

आडवाट · रात्री १०:४१

एसएसएचला तीन व्ही लावून (म्हणजे सगळा तपशील छापायला सांगून) चालवा आणि बघा तुमची किल्ली 'ऑफर' होते का. होत असेल आणि तरी नाकारली जात असेल, तर कारण लॅपटॉपवर शोधू नका, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. सर्व्हर मुद्दाम बाहेर कारण सांगत नाही. उबंटू-डेबियनवर ऑथ लॉग किंवा जर्नल-सीटीएल पाहा.

अर्धवट_कोडर · रात्री ११:०८

ऑफर होतेय. लॉगमध्ये सापडलं: ऑथेंटिकेशन रिफ्यूज्ड, बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर डिरेक्टरी, आणि पुढे माझ्या होम फोल्डरचा पत्ता.

आडवाट · रात्री ११:१५

सापडला चोर. कधीतरी काहीतरी चालत नव्हतं म्हणून होम फोल्डरला ७७७ (कोणीही वाचा, लिहा, चालवा अशी परवानगी) देऊन मोकळे झाला असणार. (सगळ्यांनी कधी ना कधी केलेलं असतं, मीही.) एसएसएच सर्व्हरचा स्ट्रिक्टमोड्स नावाचा नियम मुळातच चालू असतो. होम फोल्डर, डॉट एसएसएच फोल्डर किंवा किल्ल्यांची फाइल यात तुमच्याशिवाय इतर कोणाला लिहिता येत असेल, तर सर्व्हर त्या फाइलवर विश्वासच ठेवत नाही. बरोबरच आहे, कोणीही त्यात स्वतःची ओळ घुसवू शकेल की.

होम फोल्डर ७५५ किंवा ७००, डॉट एसएसएच ७००, ऑथराइज्ड कीज ६००. लॅपटॉपवरची खाजगी किल्लीही ६००. ती सैल असली तर क्लायंट स्वतःच ती वापरायला नकार देतो. आणि मालक तपासा. सूडो लावून फाइल बनवली असेल तर ती रूटच्या नावावर बसते आणि पुढचे दोन तास वाया जातात.

अर्धवट_कोडर · रात्री ११:२१

झालं!! ७७७ च होता. शिरलो, पासवर्ड न देता.

पण किल्ली बनवताना पासफ्रेज (किल्लीच्या फाइलवरचा पासवर्ड) विचारला तेव्हा मी नुसतं एंटर मारलं. बरोबर ना? नाहीतर पासवर्ड गेला आणि पासफ्रेज आला, एवढंच व्हायचं.

चिमटा · रात्री ११:३३

चूक. पासफ्रेज नसलेली किल्ली म्हणजे पासवर्ड कागदावर लिहून लॅपटॉपला चिकटवल्यासारखं. लॅपटॉप गेला की सर्व्हर गेला. किल्ली नव्याने बनवायची गरज नाही, एसएसएच-कीजेनला पी दिलं की आहे त्याच किल्लीला पासफ्रेज लागतो.

टंकायच्या कटकटीवर एजंट आहे. एसएसएच-ॲड करताना पासफ्रेज एकदा द्या, किल्ली उघडून एजंटच्या मेमरीत बसते आणि लॉगआउट होईपर्यंत कोणी काही विचारत नाही. मुदतही घालता येते, टी लावून चार तास म्हणा. कॉन्फिग फाइलमध्ये 'ॲड कीज टू एजंट' चालू ठेवलं तर पहिल्या वापरालाच ती आपोआप बसते. मॅकवर 'यूज कीचेन' केलं की मशीन रीस्टार्ट झालं तरी विचारत नाही.

तळटीप · बुधवार, सकाळी ७:०२

चिमटा यांच्याशी सहमत, एक जोड देते. एजंट आवडला की लोक लगेच एजंट फॉरवर्डिंग चालू करतात, म्हणजे सर्व्हरवरून पुढच्या सर्व्हरवर जायला लॅपटॉपचाच एजंट. ते टाळा. मधल्या सर्व्हरवर ज्याला रूट अधिकार आहेत तो तुम्ही जोडलेले असेपर्यंत तुमचा एजंट वापरून कुठेही शिरू शकतो. एका सर्व्हरमार्गे दुसरीकडे जायचं असेल तर प्रॉक्सीजंप आहे, २०१६ च्या ७.३ पासून. त्यात मधला सर्व्हर फक्त वाहतूक पुढे ढकलतो.

आणि जिथे पासवर्डबरोबर ओटीपीही लागतो अशा सर्व्हरसाठी कंट्रोलमास्टर पाहा. पहिलं कनेक्शन उघडं ठेवून पुढचे सगळे आदेश त्यातूनच जातात. कंट्रोलपर्सिस्ट दहा मिनिटं ठेवलं तर कॉपी, मायग्रेशन, रीस्टार्ट मिळून एकदाच ओळख पटवावी लागते. शिवाय वेगही जाणवण्याइतका वाढतो.

अर्धवट_कोडर · बुधवार, दुपारी १:१५

एजंट बसवला, मस्त. पण गिट अजून विचारतंय! तीच सार्वजनिक किल्ली गिटहबवर टाकली, तरी विचारतं.

टिंब · दुपारी १:२२

गिट रिमोट व्ही करून तुमचा गिट कोणत्या पत्त्यावर पुश करतो ते बघा. एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर तुमची किल्ली तिथे जातच नाही. रिमोट बदलून एसएसएचचा पत्ता द्या.

अर्धवट_कोडर · दुपारी १:२६

हेच होतं. अर्धं आयुष्य अशा गोष्टींत जातं.

टिंब · दुपारी १:३८

कोणाला एचटीटीपीएसच ठेवायचं असेल (काही ऑफिसांत पोर्ट २२ बंद असतो), तर त्यांच्यासाठी: गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून खात्याचा पासवर्ड गिटसाठी घेणं बंद केलं, म्हणून टोकन. ते लक्षात ठेवायला क्रेडेन्शियल हेल्पर असतात. त्यातला 'कॅशे' मेमरीत ठेवतो आणि ९०० सेकंदांनी विसरतो, मुदत वाढवता येते. 'स्टोअर' नावाचा मात्र साध्या मजकुरात फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि इंटरनेटवर दहातले आठ जण हाच सुचवतात. तो नको. मॅकवर कीचेनचा, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजर, लिनक्सवर लिबसीक्रेटचा हेल्पर घ्या.

वाचनमात्र · दुपारी २:१०

डॉकरचं काय? मी एकदा लॉगिन केलं की पुन्हा कधीच विचारत नाही. म्हणजे तिथे सगळं आलबेल समजायचं का?

चिमटा · दुपारी २:३०

होम फोल्डरमधल्या डॉट डॉकरची कॉन्फिग डॉट जेसन उघडा. 'ऑथ' समोर एक गिचमिड ओळ दिसली तर ती बेस६४ मधून उलटी करून बघा. तुमचं नाव आणि पासवर्ड समोर येईल. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, तो नुसता वेगळ्या वळणात लिहिलेला तोच मजकूर. लॉगिन करताना डॉकर 'अनएन्क्रिप्टेड ठेवतोय' अशी सूचना देतो, आपण ती वाचत नाही. इथेही वरच्यासारखाच क्रेडेन्शियल हेल्पर जोडता येतो, आणि रजिस्ट्रीला पासवर्डऐवजी मर्यादित अधिकारांचं टोकन द्यावं.

वाचनमात्र · दुपारी २:४१

उघडून पाहिलं. आलबेल नव्हतं.

आडवाट · बुधवार, रात्री ९:१०

आता सूडो. इथे लोक हमखास माती खातात. सूडोअर्समध्ये (कोणाला कशासाठी सूडो, ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) 'नो-पासवर्ड ऑल' लिहून मोकळे होतात, म्हणजे तुमची किल्ली ज्याच्या हाती पडली तो थेट रूट. हव्या त्या एकाच आदेशाला सूट द्या: सिस्टिमसीटीएलचा (सेवा चालू-बंद करणारा आदेश) पूर्ण पत्ता, रीस्टार्ट, आणि तुमच्या सेवेचं नाव. पुढे तारांकन (म्हणजे 'काहीही चालेल') नको. स्टेटसलाही सूट देऊ नका, त्याला सूडो लागतच नाही. आणि सूडोने चालवलं तर त्याचं उत्तर लेस नावाच्या पेजरमध्ये उघडू शकतं, लेसमधून उद्गारचिन्ह मारून शेल उघडता येतं, आणि तो शेल रूटचा असतो. फाइल नेहमी व्हीआयसूडोनेच बदला. हाताने बदलताना एक अक्षर चुकलं तर सूडोच बंद पडू शकतो.

एक आठवण जिवावर बेतलेली. डिप्लॉय करणाऱ्या युजरला सेवेची युनिट फाइल (सेवेत काय चालवायचं ते सांगणारी) किंवा रूटकडून चालणारी स्क्रिप्ट बदलता येत असेल, तर वरची सगळी काटकसर फुकट. फक्त रीस्टार्टची परवानगी आहे म्हणता, पण रीस्टार्ट होऊन काय चालणार ते तोच ठरवतो! एका जागी हे मी स्वतः केलं होतं आणि तपासणीत दुसऱ्याने दाखवून दिलं, तेव्हा कान लाल झाले. तुमचा युजर डॉकर ग्रुपमध्ये असेल तर तेही तपासा. डॉकर चालवता येणं म्हणजे जवळपास रूट असणंच आहे.

अर्धवट_कोडर · रात्री १०:०५

ग्रुपमध्ये आहे. :( तेही यादीत टाकतो.

आता मोठा प्रश्न. जोडीदार म्हणतो, लॅपटॉपवरून डिप्लॉय करणंच थांबवू, गिटहब ॲक्शन्सकडून (गिटहबवरच कामं आपोआप चालवणारी सोय) करू. पण मग तिथे एजंटला पासफ्रेज कोण देणार? सगळे पासवर्ड सीक्रेट्समध्ये (तिथल्या गुपितांच्या कप्प्यात) टाकायचे?

ढगफुटी · गुरुवार, सकाळी ८:३०

तीन दिवस हा धागा वाचतोय, आता माझा विषय आला.

सीक्रेट्समध्ये टाकणं हा मध्यम मार्ग आहे, वाईट नाही. पण टाकलेली गोष्ट तिथे वर्षानुवर्षं पडून राहते, बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. ४ जानेवारी २०२३ ला सर्कलसीआयने (अशीच बिल्ड चालवणारी कंपनी) आपल्या ग्राहकांना साठवलेली सगळी गुपितं बदलायला सांगितलं. एका अभियंत्याच्या लॅपटॉपवरच्या मालवेअरने लॉगिन झालेल्या सत्राची कुकी उचलली होती. त्या आठवड्यात मी दिवसरात्र टोकनं बदलत होतो आणि अर्ध्यांचा उपयोग काय हेही कोणाला सांगता येत नव्हतं. २०२५ च्या मार्चमध्ये चेंज्ड-फाइल्स नावाच्या लोकप्रिय ॲक्शनमध्येच (गिटहब ॲक्शन्ससाठीची तयार पायरी) कोणी विषारी कोड घुसवला आणि गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली.

म्हणून साठवायचंच नाही असा मार्ग निघाला, ओआयडीसी. बिल्ड सुरू झालं की गिटहब त्या बिल्डपुरतं एक सही केलेलं ओळखपत्र देतं: हा अमुक रेपो, ही अमुक ब्रँच (कोडची शाखा). क्लाउडला आधीच सांगून ठेवायचं की गिटहबच्या सहीवर विश्वास ठेव, पण फक्त या रेपोच्या मुख्य ब्रँचसाठी. क्लाउड सही तपासतो आणि थोड्या वेळाची तात्पुरती परवानगी देतो. एडब्ल्यूएसवर न सांगितल्यास एक तास. बिल्ड संपलं, तास संपला, चोरायला काही उरलं नाही. रजिस्ट्री त्याच क्लाउडवर असेल तर तिचं लॉगिनही यातच सुटतं.

यातली ग्यानबाची मेख एकच, 'सब' नावाच्या रकान्यावरची अट. ती नीट लिहिली नाही किंवा तारांकन टाकून सैल ठेवली, तर गिटहबवरचा भलताच रेपोही तेच ओळखपत्र घेऊन तुमच्या क्लाउडमध्ये शिरू शकतो, कारण सही सगळ्यांसाठी गिटहबचीच असते. अट लिहून झाल्यावर दुसऱ्या ब्रँचवरून मुद्दाम डिप्लॉय करून बघा. नाकारलं गेलं पाहिजे. हे कोणी करून बघत नाही.

अर्धवट_कोडर · सकाळी ९:१५

रजिस्ट्री क्लाउडचीच आहे, तिचं जमेल. पण आमचा सर्व्हर साधा भाड्याचा आहे, तो ओआयडीसी कुठून समजणार?

ढगफुटी · सकाळी ९:४४

तिथे किल्लीच, पण सीआयची (आपोआप बिल्ड-डिप्लॉय करणाऱ्या यंत्रणेची) वेगळी, तुमची नाही. तिला पासफ्रेज देता येत नाही, म्हणून तिचे हात बांधा. ऑथराइज्ड कीजमध्ये तिच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट' लिहा; पोर्ट फॉरवर्डिंग, एजंट फॉरवर्डिंग, टर्मिनल सगळं बंद होतं. त्यापुढे 'कमांड' लिहून एकाच डिप्लॉय स्क्रिप्टचा पत्ता. मग ती किल्ली घेऊन कोणी काहीही मागितलं तरी तीच स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट मात्र रूटच्या मालकीची ठेवा. वर आडवाट यांनी सांगितलेली गोष्ट.

सर्व्हरची ओळख तपासणं 'नो' करून टाकायचा मोह होईल, कारण पहिल्या जोडणीला बिल्ड तिथेच अडतं. करू नका. सर्व्हरची होस्ट की (त्याची ओळख पटवणारी किल्ली) आधी स्वतः घेऊन नोन होस्ट्समध्ये (ओळखीच्या सर्व्हरांच्या यादीत) ठेवा.

टिंब · सकाळी १०:०२

होस्ट कीवरून: २४ मार्च २०२३ ला गिटहबने स्वतःची आरएसए होस्ट की बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोत दिसत होता. त्या दिवशी जगभर बिल्ड लाल झाले. ज्यांनी तपासणी 'नो' ठेवली होती त्यांना काहीच कळलं नाही, आणि ते त्याबद्दल खुशही होते.

अर्धवट_कोडर · शनिवार, संध्याकाळी ६:२०

हिशेब देतो. मुख्य ब्रँचवर मर्ज केलं की आपोआप चढतं, पासवर्ड शून्य. दुसऱ्या ब्रँचवरून करून पाहिलं, नाकारलं. (पहिल्यांदा नाकारलं नाही! अटीत तारांकन राहिलं होतं. ढगफुटी, दंडवत.) युजर डॉकर ग्रुपमधून काढला, सूडो एकाच आदेशाला मोकळा.

सर्व्हरवर पासवर्डने शिरणं बंद करायला गेलो तर बंदच होईना. मुख्य कॉन्फिगमध्ये 'नो' लिहिलं, रीस्टार्ट केलं, तरी विचारतोय.

आडवाट · संध्याकाळी ६:४५

एसएसएचडी_कॉन्फिग डॉट डी फोल्डर पाहा. क्लाउड-इनिटची (भाड्याचा सर्व्हर पहिल्यांदा मांडून देणारं साधन) ५० ने सुरू होणारी फाइल असेल आणि तिच्यात 'येस' असेल. ही फाइल आधी वाचली जाते आणि जो पहिला सापडला तोच नियम लागू होतो, नंतरचा नाही. एसएसएचडीला मोठा टी देऊन चालवा, प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापून मिळतं. आणि बदल करताना एक सत्र उघडं ठेवा, दुसऱ्या खिडकीतून शिरून खात्री झाल्यावरच ते बंद करा.

अर्धवट_कोडर · संध्याकाळी ७:०३

तीच फाइल! बंद झालं. ऑथराइज्ड कीज उघडली आहे तर एक विचारतो. चार ओळी आहेत: माझी, जोडीदाराची, सीआयची. चौथीच्या शेवटी नावच नाही. ज्याने दोन वर्षांपूर्वी सर्व्हर उभा करून दिला त्याची असावी.

चिमटा · संध्याकाळी ७:०६

असावी?

अर्धवट_कोडर · संध्याकाळी ७:१०

लॉगमध्ये शोधता येईल का?

चिमटा · संध्याकाळी ७:१४

येईल. एसएसएच-कीजेन एल एफ त्या फाइलवर चालवा, प्रत्येक ओळीचा फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी खूण) मिळेल. किल्ली स्वीकारली की लॉगमध्ये 'ॲक्सेप्टेड' सोबत तोच छापलेला असतो. पण आधी ओळ काढा, मग शोधा.

अर्धवट_कोडर · संध्याकाळी ७:३१

काढली. लॉग फक्त चार आठवड्यांचे आहेत, त्यात ती किल्ली वापरलेली दिसत नाही. त्याला फोन केला, तर म्हणाला तो लॅपटॉप विकून वर्ष झालं.

चिमटा · संध्याकाळी ७:३२

पासफ्रेज होता का विचारा.

अर्धवट_कोडर · संध्याकाळी ७:४०

विचारलं. हसला.